जुन्या ट्रकचा एसी कॉम्प्रेसर जाम झालाय? नवा बसवण्याआधी एवढं करा

कोल्हापूरच्या ट्रकवाल्यांना एसी खरा लागतो तो मार्च ते मे. जूनला पाऊस सुरू झाला की बटण बंद, मग ऊस हंगामातली थंडी, म्हणजे पुन्हा बंदच. आठ-नऊ महिने एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर एका जागी गप्प बसलेला असतो. मार्चअखेर कागलच्या पुढं हायवेवर ऊन चटका द्यायला लागतं, पहिल्यांदा बटण दाबलं जातं, आणि पुढून बेल्टचा कर्कश आवाज येतो, जळक्या रबराचा वास सुटतो. कधी धूरही निघतो. कॉम्प्रेसर जाम.

इथं बहुतेकांची एकच चूक होते. जाम झालेला काढायचा, दुसरा बसवायचा, गॅस भरायचा आणि गाडी रस्त्याला लावायची. महिन्या-दोन महिन्यांत दुसराही जाम होतो आणि दोष नव्या कॉम्प्रेसरवर जातो. कॉम्प्रेसर स्वतःहून सहसा मरत नाही. तेल कमी पडून, पाणी शिरून, कंडेन्सर (गॅस गार करणारी बाहेरची जाळी) तापून किंवा पाइपातला कचरा खाऊन तो मरतो, आणि मरताना आपला अ‍ॅल्युमिनियमचा चुरा सगळ्या लाइनीत सोडून जातो. तो चुरा आणि ते मूळ कारण काढल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. पुढची सगळी कामं त्यासाठीच आहेत.

रस्त्यात जाम झाला तर

आधी एसीचं बटण बंद करा. बटण बंद झालं की मॅग्नेट क्लच, म्हणजे पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारी विजेवरची पकड, सुटतो आणि पुली एकटी, मोकळी फिरत राहते. आवाज तिथल्या तिथं थांबला, तर आतला कॉम्प्रेसर जाम आहे पण पुलीचं बेअरिंग शाबूत आहे. अशी गाडी घरापर्यंत आरामात येते. फक्त क्लचची वायर कनेक्टरमधून काढून टेप लावून बांधून ठेवा. कुणी चुकून बटण दाबलं तरी क्लच लागायला नको.

बटण बंद करूनही आवाज चालूच राहिला, तर पुलीचं बेअरिंग गेलं आहे. इंजिन बंद करा आणि बेल्ट कुठून कुठं जातो ते बघा. जुन्या ट्रकमध्ये एसीचा बेल्ट बहुधा वेगळा असतो. तो काढून टाका किंवा कापा, गाडी पुढं न्या. पण एकच बेल्ट पाण्याचा पंप आणि आल्टरनेटरही फिरवत असेल, तर तो काढून एक किलोमीटरही जायचं नाही. पंप थांबला की भरलेल्या गाडीचं इंजिन काही मिनिटांत उकळतं, आणि गगनबावड्याचा किंवा आंब्याचा घाट चढत असाल तर हेड गॅस्केटचा खर्च एसीच्या कितीतरी वर जातो. अशा वेळी कॉम्प्रेसरला वगळून जाणारा लांबीला कमी बेल्ट बसतो का ते बघायचं. बसत नसेल तर टोइंगशिवाय गत्यंतर नाही.

खरंच जाम आहे का, ते आधी ठरवा

चाकांना उटी (अडवायचे ठोकळे) लावा, किल्ली काढून खिशात ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. केबिन उलटणारी गाडी असेल तर केबिनचा लॉक पूर्ण बसलाय याची डोळ्यांनी खात्री करूनच खाली वाका. बेल्ट काढा.

आता कॉम्प्रेसरच्या तोंडाशी दोन गोष्टी वेगवेगळ्या फिरवून बघायच्या. बाहेरची खाचांची पुली हाताने फिरवा. ती गुळगुळीत फिरली पाहिजे. खरखर, लचक किंवा अडकणं जाणवलं तर बेअरिंग खराब. मग पुलीच्या समोरची चकती, म्हणजे क्लचची हब प्लेट, बोटांनी फिरवा. ही थेट कॉम्प्रेसरच्या शाफ्टला जोडलेली असते. चांगल्या कॉम्प्रेसरमध्ये ती थोडा जोर लावल्यावर फिरते आणि हाताला हलके हलके ठोके जाणवतात. अजिबात हलली नाही तर आतून जाम. भिंगरीसारखी बिनविरोध फिरली, तर वॉल्व्ह किंवा शाफ्ट तुटलेला असू शकतो, किंवा सिस्टीममध्ये गॅसच उरलेला नाही.

हब हलत नसेल तर मधल्या नटला बॉक्स पान्हा लावून घट्ट करायच्या दिशेने हलका जोर द्या. उलट्या दिशेने दिला तर नटच सुटेल. लांब पाइप घालून ताकद लावू नका. नुसत्या पडून राहण्याने चिकटलेला कॉम्प्रेसर हलक्या जोरातच सुटतो, आणि ज्याला पाइप लागतो त्याचे पिस्टन घासून बसलेले असतात. सुटला म्हणून लगेच खूश व्हायचं नाही. आतलं तेल बघेपर्यंत निर्णय नाही.

कधीकधी कॉम्प्रेसर ठीक असतो आणि क्लचच घसरत असतो. आवाज, वास सारखाच येतो, म्हणून फसायला होतं. फीलर गेजने हब आणि पुलीमधली फट मोजा. बहुतेक क्लचमध्ये ती ०.४ ते ०.८ मि.मी. असते. फट वाढली की क्लचमधली चुंबकाची कॉइल हबला पूर्ण ओढू शकत नाही आणि क्लच घसरून जळतो. हबमागच्या वॉशरची, म्हणजे शिमची, संख्या कमी करून ती आणता येते. कॉइलचा रेझिस्टन्सही मोजा. १२ व्होल्टच्या कॉइलचा साधारण ३ ते ४ ओहम, २४ व्होल्टच्या कॉइलचा साधारण १२ ते १५ ओहम. मग बेल्ट आणि बॅटरीची केबल परत लावून, इंजिन चालू असताना क्लचच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघा. २४ व्होल्टच्या गाडीत तिथं २२ पेक्षा कमी येत असेल, तर रिले, अर्थिंग किंवा जुनी वायर व्होल्टेज खातेय. ती दुरुस्ती थोड्या पैशांत भागते, आणि ती न बघता कॉम्प्रेसर बदलणारे कमी नाहीत.

गॅस हवेत सोडायचा नाही

पाइप सोडण्याआधी सिस्टीममधला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या. स्वतःकडे मशीन नसेल तर गाडीच्या एसीचं काम करणाऱ्या गॅरेजमधून तेवढं काम करून आणा. आर-१३४ए हा गाडीच्या एसीतला गॅस कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट हवा तापवतो, म्हणून तो मोकळा सोडणं चूक. तुमच्या अंगालाही धोका आहे. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. द्रवरूपात डोळ्यावर किंवा हातावर उडाला तर चामडी गोठते. चष्मा आणि हातमोजे हवेतच. जवळ वेल्डिंग किंवा बर्नर चालू असेल तर थांबवा, कारण ज्वाळेत हा गॅस विषारी होतो.

आत काय झालंय ते वाचा

मला विचाराल तर सगळ्या कामातला हा सर्वात महत्त्वाचा अर्धा तास. कॉम्प्रेसरचे दोन्ही पाइप सोडा, उघडी तोंडं लगेच स्वच्छ प्लास्टिकने बांधा, कॉम्प्रेसर उतरवा आणि त्यातलं तेल एका पांढऱ्या वाटीत पूर्ण ओता. हब फिरत असेल तर फिरवत फिरवत ओता. ते मि.ली.मध्ये मोजा आणि आकडा लिहून ठेवा.

तेल मधासारखं, पारदर्शक आणि पुरेसं निघालं, तर आत मोठी खराबी झालेली नाही. तेल अगदी दोन-चार चमचे निघालं, तर गळतीतून ते बाहेर गेलंय. आधी गळती शोधा. तेल काळंकुट्ट असेल, बोटाला चिकट लागत असेल, वास जळका असेल, तर कॉम्प्रेसर जास्त तापून मेला. बोटांत चोळल्यावर चंदेरी चमक किंवा कण दिसले, तर चुरा सुटलाय आणि तो कंडेन्सरपर्यंत पोचलाय हे धरूनच चाला. तेल दुधाळ किंवा गंजाच्या रंगाचं असेल तर पाणी.

याच वेळी डिस्चार्ज पाइप, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबलेला गॅस नेणारा पाइप, कंडेन्सरच्या बाजूनं सोडून आत पांढऱ्या कापडाचा बोळा फिरवा. कापडावर काळी पेस्ट आली, तर कंडेन्सरचा निर्णय झालाच म्हणून समजा.

का जाम झाला?

जुन्या ट्रकात सर्वात जास्त दिसणारं कारण म्हणजे हळूहळू होणारी गळती. कॉम्प्रेसरला वेगळा तेलाचा पंप नसतो. तेल गॅसबरोबर फिरतं आणि गॅसबरोबरच परत येतं. गॅस अर्धा झाला की तेल केबिन गार करणाऱ्या कूलिंग कॉइलमध्येच साचून राहतं, परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. थंडावा कमी झालाय, पण चालतंय म्हणून दोन उन्हाळे काढलेल्या गाड्या याच वाटेने जातात. केबिन उलटणाऱ्या ट्रकमध्ये ज्या ठिकाणी एसीचे होज बिजागरीजवळ वाकतात, तिथं बारीक चिरा पडतात. त्या ठिकाणी होजवर तेलकट धूळ चिकटलेली असेल तर गळती तिथंच. शाफ्ट सीलही बघा. क्लचच्या आतल्या बाजूला आणि बोनेटखाली गोल रेषेत तेल उडालेलं दिसलं तर सील गेलंय. महिनोन् महिने एसी बंद राहिला की सीलला तेल मिळत नाही, ते सुकतं आणि गळू लागतं.

दुसरं कारण कंडेन्सर. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत माल टाकणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरमध्ये वाळूची बारीक धूळ बसते. उसाच्या वाहतुकीत पाचट आणि चिपाडाचा भुसा फिनमध्ये अडकतो, वरून तेल-धुळीचा थर बसतो आणि हवा जाणं बंद. प्रेशर चढतं, तेल जळतं. टपावर कंडेन्सर बसवलेल्या किटमध्ये दोन पंखे असतात. त्यातला एक बंद पडलेला दोन-दोन वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ड्रायव्हरला तो दिसतच नाही. शिडी लावून वर चढा आणि दोन्ही पंखे फिरतात का, योग्य दिशेने हवा ओढतात का, ते बघा.

तिसरं चुकीचं तेल आणि चुकीचा गॅस. आर-१२ या जुन्या गॅसवर चालणाऱ्या खूप जुन्या सिस्टीममध्ये खनिज तेल असायचं. त्यात नुसता आर-१३४ए भरला तर ते तेल या गॅसमध्ये मिसळत नाही, परत येत नाही. घरगुती गॅस किंवा स्वस्तातली अनोळखी बाटली भरणाऱ्याला तर हातच लावू देऊ नका. एक पेटतो आणि दुसऱ्यात काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. २०११ मध्ये जहाजांवरच्या थंड कंटेनरांच्या मशिनींमध्ये आर-१३४ए म्हणून बनावट गॅस भरला गेला, त्यातल्या मिथाइल क्लोराइडची अ‍ॅल्युमिनियमशी क्रिया होऊन स्फोट झाले आणि माणसं दगावली. ब्रँडेड सीलबंद कॅन घ्या, बिल घ्या.

पाणी शिरलं असेल तर ते बहुधा मागच्या कामातून शिरलेलं असतं. व्हॅक्यूम न करता गॅस भरला, किंवा पाइप दोन दिवस उघडे ठेवले, असं काहीतरी. पाणी, गॅस आणि तेल मिळून आम्ल तयार होतं आणि आतून खातं.

ठेवायचा, बदलायचा, की काढून टाकायचा?

हलक्या जोरात सुटलेला, तेल स्वच्छ निघालेला कॉम्प्रेसर नवीन तेल भरून परत वापरता येतो, पण त्यावर लांबच्या फेरीचा भरवसा टाकू नका. चुरा निघालेला कॉम्प्रेसर रिपेअर करण्यात अर्थ नाही. पिस्टनची बोअर घासलेली असते, नुसतं सील आणि बेअरिंग बदलून ती भरून येत नाही.

जुन्या बाजारातून घ्यायचा असेल तर एकच कसोटी आधी लावा: दोन्ही तोंडं प्लगने बंद होती का? उघड्या तोंडाने महिनाभर पावसाळी हवेत पडलेला कॉम्प्रेसर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, त्यातलं पॅग तेल (आर-१३४एच्या कॉम्प्रेसरचं कृत्रिम तेल) हवेतलं पाणी ओढून घेतं. प्लग होते तर हब फिरवा, डिस्चार्जच्या तोंडावर अंगठा दाबून ठोके लागतात का बघा, तेलाचे दोन थेंब कागदावर घ्या.

नवा घेताना जुना बरोबर घेऊन जा आणि शेजारी ठेवून जुळवा. क्लच १२ व्होल्टचा की २४ चा. १२ ची कॉइल २४ च्या ट्रकला लावली की काही मिनिटांत जळते. पुलीच्या खाचा किती आणि कसल्या, पुलीचा व्यास किती, पाय कुठं आणि किती अंतरावर, पाइपाची तोंडं मागे आहेत की वर, तेल कुठलं. व्यास लहान निघाला तर कॉम्प्रेसर जास्त वेगाने फिरतो आणि लवकर जातो. पायांमध्ये थोडा फरक असेल तर ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून मिळतो, पण त्यासाठी पुली एका रेषेत येणार आहे याची खात्री हवी.

एसी पूर्ण काढून टाकणं हाही प्रामाणिक पर्याय आहे. दोन-तीन वर्षांत गाडी मोडीत जाणार असेल तर कंडेन्सरपासून सगळं नवं करण्यात पैसा घालू नका. वेगळा बेल्ट असेल तर काढून टाका. एकच असेल तर कॉम्प्रेसरच्या जागी रिकामी पुली बसवा. मात्र ड्रायव्हर दिवसाचे दहा तास त्या केबिनमध्ये बसतो. सरकारनेही २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची केली, ती याच थकव्यामुळे. गाडी अजून पाच-सात वर्षं चालवायची असेल तर दुरुस्ती करा.

काय काय आणायचं

कॉम्प्रेसर, ड्रायर बॉटल (गॅसमधलं पाणी शोषणारी बाटली), एक्स्पान्शन वॉल्व्ह (कूलिंग कॉइलच्या तोंडाशी गॅसचा दाब उतरवणारा), ओ-रिंगचा (जोडातल्या रबरी कड्यांचा) पूर्ण सेट, बेल्ट, पॅग तेल आणि गॅस. एवढं प्रत्येक वेळी. ड्रायर बॉटल कधीच परत वापरायची नाही, मग ती मागच्याच वर्षी बदललेली का असेना. आतले पाणी शोषणारे दाणे भरलेले असतात आणि तिची जाळी चुऱ्याने तुंबलेली असते.

चुरा निघाला असेल तर कंडेन्सरही नवा. जुन्या एकाच नळीच्या सापासारख्या कंडेन्सरमधून चुरा धुऊन काढता येतो. पण समांतर बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमध्ये सॉल्व्हंट मोकळ्या नळ्यांतून जातं आणि तुंबलेल्या नळ्या तशाच राहतात. तो धुऊन वापरला की त्यातला कचरा एक दिवस सुटतो आणि एक्स्पान्शन वॉल्व्हमध्ये किंवा नव्या कॉम्प्रेसरमध्ये जातो. होजमध्ये मफलर, म्हणजे फुगलेला डबा असेल, तर तो होजही बदला. मफलरमधला चुरा बाहेर येत नाही. शिवाय सक्शन लाइनमध्ये, म्हणजे कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या पाइपात, जाळीचा फिल्टर बसवा. खर्च थोडा, पण नव्या कॉम्प्रेसरचा विमाच तो.

धुणं

कूलिंग कॉइल आणि सरळ पाइप धुवायचे. कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्स्पान्शन वॉल्व्ह यांच्यातून सॉल्व्हंट सोडायचं नाही. प्रत्येक भाग वेगळा करा आणि गॅस ज्या दिशेने वाहतो त्याच्या उलट दिशेने एसी फ्लशचं सॉल्व्हंट सोडा, पंधरा मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या नायट्रोजनने ५ ते ७ बार प्रेशरवर बाहेर काढा. बाहेर पडणारं पांढऱ्या कापडावर घ्या. कापडाला काळा डाग पडायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं. शेवटी अर्धा तास नायट्रोजन फुंकून आत सॉल्व्हंटचा एक थेंबही ठेवायचा नाही. राहिलेलं सॉल्व्हंट नव्या तेलाला पातळ करतं, आणि मग आपल्याच हाताने कॉम्प्रेसर जाम केला असं होतं.

पेट्रोल, डिझेल, थिनर, रॉकेल वापरू नका. काही जागी अजून आर-१४१बी या रसायनाने धुतात. तो ओझोनला घातक आहे आणि १ जानेवारी २०२० पासून त्याच्या आयातीचे परवाने भारतात बंद आहेत.

तेल: मोजून, अंदाजाने नाही

कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरवर तेलाचा ग्रेड आणि प्रमाण असतं. पॅग ४६, पॅग १०० आणि पॅग १५० हे जाडीचे ग्रेड आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नवा कॉम्प्रेसर तेल भरलेला आहे की नाही ते दुकानदाराला विचारा, आणि तरीही ओतून मोजा. काहींमध्ये पूर्ण तेल असतं, काहींमध्ये फक्त गंज लागू नये म्हणून नावापुरतं.

सगळी सिस्टीम धुतली असेल तर सगळं जुनं तेल गेलं. म्हणून स्टिकरवरचं पूर्ण प्रमाण भरायचं. समजा ते १५० मि.ली. आहे. ८० मि.ली. कॉम्प्रेसरमध्ये, ३० कूलिंग कॉइलमध्ये, २० कंडेन्सरमध्ये आणि उरलेलं ड्रायरमध्ये, अशी विभागणी चालते. सिरिंजने घाला. जाम नसलेला, फक्त क्लचसाठी उतरवलेला कॉम्प्रेसर असेल तर जेवढं निघालं तेवढंच नवं तेल घाला. जास्त तेलही वाईट. ते कूलिंग कॉइलच्या नळ्यांना आतून लेप देतं, थंडावा कमी होतो आणि प्रेशर चढतं. तेलाची बाटली उघडली की लगेच झाकण लावा. पावसाळ्यात गेल्या वर्षीची अर्धी बाटली वापरायचा मोह टाळा.

बसवणं

बोल्ट हाताने लावून मग आवळा. पुलीवर सरळ पट्टी ठेवून बाकीच्या पुल्यांशी रेष जुळवा. एक-दीड मि.मी.पेक्षा जास्त तिरकेपणा राहिला तर बेल्ट कडेनं चिरतो आणि बेअरिंग जातं. टेन्शनर आणि आयडलरची (बेल्टला ताण आणि वळण देणाऱ्या पुल्यांची) बेअरिंग हाताने फिरवून बघा. जाम कॉम्प्रेसरने बेल्ट ओढला तेव्हा त्यांनीही मार खाल्लेला असतो. बेल्टच्या लांब बाजूवर मध्यभागी अंगठ्याने जोरात दाबलं तर ८ ते १० मि.मी. दबावा.

प्रत्येक जोडाला नवी ओ-रिंग, तिला तेलाचं बोट. कोरडी ओ-रिंग आवळताना पिळते आणि महिन्याने गळते. अ‍ॅल्युमिनियमच्या जोडाला नेहमी दोन पान्हे: एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर पाइप पिळतो. ड्रायर बॉटलचे प्लग सगळ्यात शेवटी काढा, कारण उघडल्या क्षणापासून ती हवेतलं पाणी प्यायला लागते.

मग हब हाताने दहा-पंधरा वेळा फिरवा. हे विसरू नका. उभं करून ठेवलेल्या कॉम्प्रेसरमध्ये तेल सिलिंडरमध्ये साचलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, आणि पहिल्याच फेऱ्यात वॉल्व्ह तुटू शकतो.

गळती तपासा, मग व्हॅक्यूम

कोरड्या नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून, १५० पीएसआयपर्यंत दाब द्या आणि तासभर ठेवा. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर, होजच्या वळणावर, शाफ्ट सीलवर लावा. फाउंड्री आणि वेल्डिंगच्या गावात सिलिंडर सहज मिळतात, म्हणून इथं एक सक्त सूचना: ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल भेटलं की स्फोट होतो. ऑक्सिजनचा सिलिंडर काळा असतो, नायट्रोजनचा करडा आणि मान काळी. रंग बघा, शिवाय लेबलही वाचा.

दाब टिकला की नायट्रोजन सोडा आणि व्हॅक्यूम पंप किमान ४५ मिनिटं चालवा. जुलै-ऑगस्टमध्ये दीड तास. व्हॅक्यूम फक्त हवा काढण्यासाठी नसतो. दाब एवढा कमी करायचा की आतलं पाणी गाडीच्या साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जावं.

पुस्तकात गेज पाऱ्याच्या २९ इंचांपर्यंत जायला हवा असं लिहिलेलं असतं. ते समुद्रसपाटीचं आहे. कोल्हापूर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथं पूर्ण व्हॅक्यूमलाही साधा काट्याचा गेज २८ च्या आसपासच थांबतो. तेव्हा पंपाला दोष देऊ नका. हाच पंप रत्नागिरीत नेला तर २९ च्या वर जाईल. मायक्रॉन गेज असेल तर ५०० च्या खाली आणा. मग वॉल्व्ह बंद करून वीस मिनिटं थांबा. काटा थोडा चढून थांबला तर ओलावा शिल्लक आहे, पंप पुन्हा लावा. चढतच राहिला तर गळती.

गॅस भरणं

वजनाने भरा. प्रमाण स्टिकरवर असतं. ७०० ग्रॅम हवा असेल तर ४५० ग्रॅमचा एक कॅन पूर्ण आणि दुसऱ्यातला २५० ग्रॅम, डिजिटल काट्यावर ठेवून. चार्जिंगच्या पाइपातली हवा आधी काढा. इंजिन बंद असताना लो साइडने (कमी दाबाच्या, सक्शनच्या बाजूने) जेवढा जाईल तेवढा जाऊ द्या, मग इंजिन १५०० आरपीएमवर ठेवा, एसी पूर्ण, काचा उघड्या, आणि बाकीचा गॅस कॅन उभा धरून वाफेच्या रूपात लो साइडनेच भरा. कॅन उलटा केला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो. कॅन गार पडला तर कोमट पाण्यात ठेवा, ज्वाळेवर नाही. इंजिन चालू असताना हाय साइडचा (जास्त दाबाच्या, डिस्चार्जच्या बाजूचा) वॉल्व्ह कधीही उघडू नका; दाब उलटा कॅनमध्ये जाऊन तो फुटतो.

नवा क्लच बसण्यासाठी दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद असं पंधरा-वीस वेळा करा.

गेज काय सांगतो

बाहेर ३५ अंश असताना लो साइड ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय असेल तर काम जमलं. ब्लोअरच्या तोंडाशी ७ ते १२ अंश मिळायला हवेत.

दोन्ही काटे वर असतील तर गॅस जास्त झालाय किंवा कंडेन्सरला हवा मिळत नाही. पंख्यासमोर बादलीभर पाणी मारून बघा: हाय साइड झपाट्याने खाली आली तर दोष हवेचा, गॅस काढायची घाई करू नका. हाय ३०० च्या वर गेला तर लगेच बंद करा. लो जास्त आणि हाय कमी असेल तर कॉम्प्रेसर दाबतच नाही, वॉल्व्ह गेलेत. लो साइड शून्याच्या खाली जात असेल तर एक्स्पान्शन वॉल्व्ह किंवा फिल्टर तुंबलाय, म्हणजे धुण्यात काहीतरी राहिलं. सुरुवातीला छान थंड, वीस मिनिटांनी गरम, थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा थंड, असं होत असेल तर आत पाणी आहे आणि ते एक्स्पान्शन वॉल्व्हमध्ये बर्फ होऊन अडकतंय. त्याला एकच इलाज: गॅस काढा, नवी ड्रायर बॉटल, लांब व्हॅक्यूम.

त्यानंतर

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर बेल्टचा ताण आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा बघा. सक्शनमध्ये फिल्टर घातला असेल तर महिन्याभरात गेज लावून लो साइड घसरली का ते पाहा. घसरली तर फिल्टर कचऱ्याने भरलाय.

पावसाळा असो की हंगामाची थंडी, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा. पावसात काचेवरची वाफही जाते, म्हणून ड्रायव्हरला ते सांगावं लागत नाही. डिसेंबरमध्ये मात्र सांगावं लागतं. महिन्यातून एकदा कंडेन्सर आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला की फिन आडव्या पडतात.

शेवटी केबिनमध्ये, ब्लोअरच्या डब्यावर, एक कागद चिकटवून त्यावर पारदर्शक टेप लावा: गॅस कोणता आणि किती ग्रॅम, तेल कोणतं आणि किती मि.ली., ड्रायर बॉटल कधी बदलली, क्लच किती व्होल्टचा. पुढच्या वेळी ही गाडी बेळगावला उघडेल की सोलापूरला, कुणाच्या हातात, ते आज कुणालाच ठाऊक नाही.